ॲगासीझ बाप-लेक आणि समुद्राची ये-जा

"काकू, त्या ॲगासीझांच्या घरचं ऐकलंत का?"

गडग्यापलीकडे सुमनकाकू कोकमं पसरत होत्या. कोपरापर्यंत हात लाल. मान वर न करताच म्हणाल्या, "कुठले गो हे? कणकवलीकडचे?"

"स्वित्झर्लंडचे. मग अमेरिकेत गेले."

"मग माझ्या ओळखीतले नव्हेत." असं म्हणाल्या खऱ्या, पण हात थांबले. परक्याच्या घरचं भांडण असलं की काकूंना भूगोलाचंही वावडं नसतं. मी शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेलेली नाही, आणि गडग्यावर वर्ग भरवायचा तर धडा भांडणापासूनच सुरू करावा लागतो, एवढं मी शिकलेय.

तर भांडण प्रवाळाच्या बेटांवरून. मालदीव घ्या, आपलं लक्षद्वीप घ्या, तिकडे पॅसिफिकात तर अशी शेकडो. मधे उथळ निळं पाणी, भोवती प्रवाळाचा गोल कठडा, आणि कठड्याच्या बाहेर पाऊल टाकलं की एकदम अथांग. आता खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला ऊन हवं, म्हणून ही मंडळी उथळ पाणी सोडून राहत नाहीत. मग जिथे तळ हजारो फूट खाली, तिथे त्यांनी पाया घातला कशावर? आणि गोलच का बांधलं?

"डार्विननं उत्तर दिलं," मी म्हटलं. "माकडवाला, तोच. पण माकडांच्या कितीतरी आधी, 1842 साली, त्याचं प्रवाळावर पुस्तक आलं. म्हणाला, आधी ज्वालामुखीचा डोंगर समुद्रातून वर आलेला असतो. त्याच्या काठाला प्रवाळ धरतं. डोंगर सावकाश खचत जातो, प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत राहतं. शेवटी डोंगर बुडतो, आणि काठाचा कठडा तेवढा उरतो."

"पटण्यासारखं आहे की."

"आहेच. पण गंमत अशी, की हे सगळं त्यानं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना ठरवलं. खरी प्रवाळाची बेटं नंतर बघितली. कीलिंग बेटांवर गेला तो 1836 च्या एप्रिलात. म्हातारपणी आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलंय."

"न बघताच ठरवलंन? आणि बरोबर निघालं?"

"थांबा ना. तिथेच तर ॲगासीझ येतात."

बापाचं नाव लुई. मोठा बोलका, सभा गाजवणारा माणूस. 1837 साली न्यूशातेलमध्ये विद्वानांच्या सभेत उभा राहून त्यानं सांगितलं, की एके काळी युरोपचा बराच भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. हिमयुग म्हणतो ना आपण, ते लोकांच्या गळी उतरवलं ते यानं. पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेला आणि डार्विनच्या उत्क्रांतीचा हाडवैरी झाला. मरेपर्यंत ऐकलं नाही.

मुलगा अलेक्झांडर बापासारखा नव्हता. अबोल, हिशेबी. मिशिगनच्या तांब्याच्या खाणी त्यानं उभ्या केल्या आणि गडगंज झाला. 1873 च्या डिसेंबरात बाप गेला, आणि आठ दिवसांत बायको गेली.

"अरे देवा," काकू म्हणाल्या. कोकमाचं सूप त्यांनी खाली ठेवलं. "लेकरं?"

"तीन मुलगे. तेव्हापासून हा माणूस जो समुद्रावर निघाला तो निघालाच. स्वतःच्या पैशानं बोटी घेऊन फिजी, ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरिअर रीफ, 1901-02 च्या हिवाळ्यात मालदीव. जगात प्रवाळाचे इतके खडक स्वतःच्या डोळ्यांनी तोवर कोणी पाहिले नव्हते. आणि जिथे जाईल तिथे डार्विनच्या विरुद्ध पुरावा शोधायचा."

"बापाचं भांडण लेकानं चालवलं म्हण."

"तसं नाही, उत्क्रांतीवरून तो डार्विनशी भांडलाच नाही. पत्रव्यवहारही चांगला होता. भांडण फक्त प्रवाळापुरतं. चॅलेंजर नावाच्या जहाजावरून जगभर फिरून आलेल्या जॉन मरेनं 1880 साली सांगितलं होतं, की डोंगर खचायची काही गरज नाही, समुद्रात गाळाचे आणि शिंपल्यांचे उंचवटे साचतात, त्यावर प्रवाळ बसतं. अलेक्झांडर त्याच्या बाजूचा. डार्विन मरायच्या आदल्या वर्षी अलेक्झांडरला लिहितो, एखाद्या भरपूर पैसेवाल्यानं मनावर घ्यावं आणि एका बेटात पाचशे-सहाशे फूट भोक पाडून नमुने वर काढावेत, म्हणजे हा प्रश्न सुटेल."

"पैसेवाल्यालाच लिहिलंन! हुशार."

मला वाटतं डार्विननं तो टोमणाच मारला असावा, पण पुरावा नाही, म्हणून शाळेत कधी बोलले नाही. भोक पाडलं ते लंडनच्या रॉयल सोसायटीनं, पॅसिफिकातल्या फुनाफुटी बेटावर, 1896 ते 1898 अशी तीन वर्षं. 1,114 फूट खाली गेले. खाली काय लागलं? चुनखडीच. ज्वालामुखीचा काळा खडक लागलाच नाही. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो म्हणून सांगितलं. कोर्टात असं झालं असतं तर निदान पुढची तारीख तरी मिळाली असती.

अलेक्झांडर शेवटचं मोठं पुस्तक लिहिणार होता, सगळ्या खडकांचा एकत्र निकाल लावणारं. 1910 च्या मार्चमध्ये इंग्लंडहून अमेरिकेला परतताना बोटीवरच वारला. पुस्तक कधी बाहेर आलंच नाही.

काकूंनी चुकचुक केली. मी म्हटलं, खरी चुकचुक पुढे आहे.

हिमयुगात जमिनीवर दीड-दोन मैल जाडीचा बर्फ साचला, हे लुईनं लोकांना पटवलं. पण तेवढं पाणी आलं कुठून? समुद्रातून. मग समुद्र खाली गेला असणार. हे साधं त्रैराशिक लुईनं मांडलं नाही, त्याच्या मुलानं नाही. मांडलं ते एडिनबरोच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकानं, चार्ल्स मॅक्लारननं. लुईच्या हिमयुगावर लिहिताना त्यानं हिशेब केला, की समुद्राची पातळी काही शे फुटांनी उतरली असली पाहिजे. तो हिशेब छापून आला, त्याच सुमारास, 1842 मध्ये, डार्विनचं प्रवाळाचं पुस्तक निघालं. दोन्ही एकाच टेबलावर ठेवून कोणी वाचलं असतं तर!

"म्हणजे उत्तर बापाच्या घरात होतं नि पोरगा जगभर शोधत फिरला," काकू म्हणाल्या. मी वीस मिनिटं जे सांगत होते ते त्यांनी एका दमात उरकलं.

अलेक्झांडर गेला त्याच वर्षी, 1910 मध्ये, रेजिनाल्ड डेली नावाच्या भूशास्त्रज्ञाचा लेख छापून आला. डेली आदल्या वर्षी हवाईला गेला होता. तिथे मौना केआ पर्वताच्या माथ्यावर त्याला जुन्या हिमनद्यांच्या खुणा दिसल्या, आणि खाली किनाऱ्याला प्रवाळाचे खडक. एका डोंगरावर दोन्ही. त्यानं मांडलं की बर्फ साचला तेव्हा समुद्र उतरला, बर्फ वितळला तेव्हा चढला, आणि आजचे खडक या चढ-उताराचं काम आहे. तपशिलात तोही चुकला. त्याला वाटलं उतरलेल्या समुद्राच्या लाटांनी बेटं तासून सपाट केली, आणि थंडीनं बहुतेक प्रवाळ मेलं. तसं काही झालेलं नाही. पण समुद्राचा चढ-उतार त्यानं भांडणात आणून बसवला तो कायमचा.

"मग डार्विन हरला का?"

"नाही. 1952 साली अमेरिकेनं एनेवेटाक बेटावर अणुबाँबच्या चाचण्यांच्या निमित्तानं खोल भोकं पाडली, तेव्हा सव्वा किलोमीटरच्याही खाली ज्वालामुखीचा खडक लागला. आणि वरची सगळी चुनखडी उथळ पाण्यात तयार झालेली. तळ खचला होता, प्रवाळ वर वर बांधत आलं होतं. मेल्यावर सत्तर वर्षांनी डार्विन बरोबर ठरला."

पण त्याच भोकांतून एक वस्तू अशी वर आली, की मला ती डार्विनच्या विजयापेक्षा मोठी वाटते. हॅरी लॅड हा भूशास्त्रज्ञ एनेवेटाक आणि बिकिनी या बेटांच्या नमुन्यांवर काम करत होता. खोलातल्या थरांत त्याला गोगलगायींचे शंख मिळाले. समुद्रातल्या नव्हे, जमिनीवरच्या गोगलगायींचे. झाडाच्या पाल्यात ओलाव्याला राहणाऱ्या, नखाएवढ्या. शेकडो मीटर खाली, प्रवाळाच्या चुनखडीत. म्हणजे प्रवाळ नुसतं बुडत आणि चढत नव्हतं. मधून मधून समुद्र त्याला उघडं टाकून जात होता. त्या उघड्या खडकावर झाडी वाढली, गोगलगायी आल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, मग पाणी परत आलं आणि प्रवाळानं त्यांच्यावर नवा थर बांधला.

"समुद्र किती उतरला होता पण?"

"शेवटच्या हिमयुगात, वीस हजार वर्षांपूर्वी, सुमारे 120 मीटर."

काकूंनी मनात माडावर माड चढवून पाहिला असावा, कारण त्यांनी आभाळाकडे बघितलं.

आता उघड्या पडलेल्या चुनखडीवर पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला, म्हणजे ते किंचित आंबट, आणि चुनखडी त्यात विरघळते. बेलीझच्या किनाऱ्याजवळ समुद्रात एक जवळजवळ गोल काळंनिळं विवर आहे, तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल. त्यात पाणबुडे खाली गेले तर चाळीसेक मीटरवर कपारीच्या छताला लोंबकळणारे चुन्याचे खांब लागतात, माणसापेक्षा मोठे. असे खांब हवेतच होतात. छतातून पाण्याचा थेंब उतरतो, लोंबतो, थोडा चुना मागे ठेवतो आणि गळतो, असं हजारो वर्षं. पाण्याखाली थेंब लोंबायचाच नाही. म्हणजे ते विवर एके काळी कोरडी गुहा होती, पुढे तिचं छत कोसळलं आणि समुद्र आत आला.

याच लॅडनं हॉफमायस्टर नावाच्या सोबत्याबरोबर 1945 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चुनखडीच्या सपाट तुकड्यावर आम्ल शिंपडायचं. कडेवरचं आम्ल पटकन ओघळून जातं, मधलं साचून राहतं आणि खात बसतं. थोड्या वेळानं काय दिसतं? कडा उंच, मध्ये खोलगट. प्रवाळबेटाचा आकार, टेबलावर! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या. पुढे 1974 मध्ये एडवर्ड पर्डीनं आणि 2021 मध्ये ड्रॉक्सलर आणि जोरी यांनी हाच धागा धरला. हल्ली म्हणतात, मालदीवच्या गोल कठड्यांचं श्रेय खचण्याला कमी आणि या ये-जेला जास्त. समुद्र उतरला की पाऊस मधला भाग पोखरतो, चढला की प्रवाळ उंच कडेवर आधी धरतं, आणि गेल्या पाच लाख वर्षांत हे पुन्हा पुन्हा झालंय. माझा कल त्यांच्याकडे आहे. पाया कसा आला ते डार्विननं सांगितलं, पण विमानातून आपण जो आकार बघून अहाहा करतो तो पावसाचा आहे.

काकूंना मात्र पावसापेक्षा समुद्र चढतानाची हकीकत हवी होती. "पाणी चढलं तेव्हा ह्यांनी काय केलंन? बुडाली असतील की."

इथे न्यूमन आणि मॅकिंटायर या दोघांनी 1985 साली केलेली वर्गवारी फार कामाला येते, आणि काकूंसाठी मी ती तीन जावांवर बसवली. सासूचा वेग वाढला की थोरली तिच्या बरोबरीनं चालते, एक पाऊल मागे पडत नाही. मधली आधी गडबडते, मागे राहते, मग सासू जरा दमली की धावून गाठते. धाकटी हात टेकते. खडकांचंही तसंच. काही खडक चढत्या पाण्याबरोबर चढले. काही बरेच दिवस पाण्याखाली खोल राहिले आणि समुद्राचा वेग मंदावल्यावर वर आले. आणि काही बुडाले ते बुडालेच.

"आमच्याकडे धाकटीच सगळ्यांना चालवते," काकू म्हणाल्या. त्या स्वतः धाकट्या.

समुद्र एका वेगानं चढला असता तर बहुतेक खडकांनी निभावलं असतं. खडक वर्षाला काही मिलिमीटर चढतो, जोरात असला तर सेंटीमीटरभर. पण सुमारे 14,600 वर्षांपूर्वी बर्फ असा काही कोसळला, की साडेतीनशे वर्षांच्या आत समुद्र 14 ते 18 मीटर वर आला. वर्षाला चार सेंटीमीटरहून जास्त. हा आकडा ताहितीच्या किनाऱ्याजवळ 2005 साली पाण्याखालून काढलेल्या प्रवाळातून पक्का झाला. त्याआधी 1989 मध्ये फेअरबँक्स या शास्त्रज्ञानं बार्बाडोसजवळ हेच काम केलं होतं. तिथे रुंद फांद्यांचं एक प्रवाळ आहे, ते मुख्यतः वरच्या पाचेक मीटर पाण्यातच वाढतं. ते शंभर मीटर खाली सापडलं, की ते जगलं तेव्हा समुद्र तिथेच होता असं समजायचं, आणि त्याचं वय काढायचं. बार्बाडोसला खालचा खडक एका जागी संपतो आणि पुढचा किनाऱ्याकडे सरकून, वरच्या अंगाला, नव्यानं सुरू होतो. मधल्या काळात पाणी कसं आलं असेल ते त्या तुटलेपणावरूनच कळतं.

ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरिअर रीफ आपल्याला युगायुगांचा वाटतो. 2010 मध्ये जहाजावरून त्याच्या बाहेरच्या उतारावर भोकं पाडली, आणि आठ वर्षांनी निकाल छापला: गेल्या तीस हजार वर्षांत हा खडक पाच वेळा मेला. दोनदा समुद्र खाली गेल्यामुळे उघडा पडून, दोनदा झपाट्यानं चढल्यामुळे, आणि पाचव्यांदा, दहा हजार वर्षांपूर्वी, चढत्या पाण्याबरोबर किनाऱ्याचा गाळ अंगावर आल्यामुळे. प्रत्येक वेळी त्याची बिऱ्हाडं जिथे पाणी असेल तिकडे सरकली, कधी समुद्राकडे, कधी जमिनीकडे. आज दिसतो तो खडक नऊ हजार वर्षांचा, जुन्या मेलेल्या खडकांच्या माथ्यावर बसलेला.

आणि हे तिथल्या माणसांनी पाहिलंय. केर्न्सच्या बाजूच्या यिडिंजी लोकांच्या कथांत किनारा आजच्यापेक्षा खूप लांब होता आणि मग समुद्र आत आला, असं आहे. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाभरच्या अशा कथा गोळा करून दाखवलं, की त्या सात हजार वर्षांहून जुन्या घटनांच्या आठवणी असाव्यात.

"आमच्याकडे उलट," काकू म्हणाल्या. "परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवलान."

"हो, पण 120 मीटर खाली नाही नेला."

"आता परत चढतोय ना? टीव्हीवर दाखवतात."

चढतोय, वर्षाला चारेक मिलिमीटर. नुसता आकडा पाहिला तर प्रवाळानं यापेक्षा कितीतरी वाईट दिवस काढलेत, आणि काही लोक तेवढ्यावरच निर्धास्त होतात. मला ते पटत नाही. तेव्हा बांधणारं प्रवाळ धडधाकट होतं. आता पाणी तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं, आणि लवकर निवलं नाही तर मरतं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये हे झालं. मेलेला खडक चढत नाही, उलट लाटा त्याला झिजवतात.

काकू गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लक्षद्वीपला बुडालेलीसुद्धा आहेत?"

"आहेत ना. 12 गोल बेटसमूह, 3 नुसते खडक आणि 5 बुडालेले माथे. आणि लक्षद्वीप कशाला, आपल्या विजयदुर्गापासून सरळ पश्चिमेला गेलं की 105 किलोमीटरवर अंग्रिया बँक. कान्होजी आंग्ऱ्यांच्या नावाची."

"ती बँक? मला वाटलं पतपेढी."

40 किलोमीटर लांब, 15 रुंद. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ अजून जिवंत. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मात्र तो पोचलेला नाही. आता हिशेब करा. समुद्र 120 मीटर उतरलेला असताना अंग्रियाचा माथा पाण्यापेक्षा शंभर मीटर उंच, म्हणजे चांगली टेकडी. आणि इथून तिथपर्यंतचा उथळ तळ बहुतेक सगळा कोरडा. सुमारे साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वी पाणी त्या टेकडीच्या माथ्यावरून गेलं. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मुंबई-सौराष्ट्राच्या बाहेरच्या तळावरून उथळ पाण्यातल्या चुनखडीचे नमुने काढलेत, ते आज 65 ते 95 मीटर खाली आहेत. म्हणजे आपला किनाराही असाच सरकत आत आलाय.

काकूंनी कोकमावरून हात काढला, पदराला पुसला, आणि पश्चिमेकडे, जिथे आंबराईच्या पलीकडे समुद्र आहे, तिकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"शंभर किलोमीटर कोरडी जमीन."

"जवळजवळ."

"आणि सातबारा कोणाच्या नावावर होता?"

"काकू, तेव्हा सातबारा नव्हता."

"तरीच," म्हणाल्या, आणि सूप उचललं. "भावकी असती तर एवढी जमीन समुद्रानं विनातक्रार घेतली असतीन का?"